चिकन नूडल सूप: आधी हाडांचं पाणी, मग नूडल्स

चिकन नूडल सूपच्या पाकिटावर नूडल्स वर आलेल्या दाखवतात, म्हणून आपलंही लक्ष तिकडेच जातं. पण या सूपाचा जीव पाण्यात आहे. हाडं, कातडी, सांध्यांजवळच्या कुरकुरीत कुर्च्या आणि पंजे मंद आचेवर पुरेसा वेळ राहिले की त्यांतलं कोलॅजेन विरघळतं, त्याचं जिलेटिन होतं आणि पातळ दिसणाऱ्या पाण्याला ओठांना किंचित चिकटणारा भरीवपणा येतो. तो आला की मीठ, मिरी आणि मूठभर शेवया एवढ्यावर सूप उभं राहतं. तो नसेल तर वर काहीही घाला, गरम खारट पाणीच प्यायलं जातं.

ठाण्यात बहुतेकांची या सूपाशी ओळख चायनीजच्या हॉटेलात झाली आहे. चिकन मंचाव, वर तळलेल्या नूडल्स, सोया सॉसचा रंग आणि कॉर्नफ्लॉवरचा दाटपणा. मलाही ते आवडतं, पण तो वेगळा पदार्थ आहे. कॉर्नफ्लॉवरने आलेला दाटपणा हाडांच्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. इथे सांगतो ते सूप पारदर्शक, सोनेरी आणि सौम्य असतं. पाच-सहा माणसांना पुरेल एवढं, घरातल्या नेहमीच्या पातेल्यात आणि जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणाऱ्या सामानात होतं.

हे सूप इतकं टिकलं कसं

आजारातून उठलेल्याला मांसाचं पाणी द्यावं, हे शहाणपण कोणा एका देशाचं नाही. चरकसंहितेत मांसरस सांगितला आहे तो कृश झालेल्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाला बळ देणारा म्हणून. कोल्हापूरकडे रश्शाला तिखट लावण्याआधी अळणी बाजूला काढतात आणि ते मुलांना, म्हाताऱ्या माणसांना भातावर वाढतात. नोकरीसाठी घाटावरून ठाण्यात आलेल्या कितीतरी घरांत ही रीत टिकून आहे. म्हणजे चिकन नूडल सूपचा निम्मा भाग आपल्याकडे होताच.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडीस या ज्यू विद्वानाने (मृत्यू १२०४) श्वासाच्या तक्रारींसाठी कोंबडीचं सूप सुचवलं होतं. पुढे पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथच्या जेवणात, हे सूप अंड्याच्या बारीक नूडल्स घालून होऊ लागलं. त्यांच्या आहारनियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. त्यामुळे या सूपात लोणी नाही, साय नाही. वरची चकाकी येते ती कोंबडीच्याच चरबीची. ठाण्याला हा नियम परका नाही. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं शार हशामायिम सिनेगॉग आहे, आणि मराठी बोलणारे आपले बेने इस्रायली याच नियमामुळे मटणाच्या रश्शात दही-दूध न घालता नारळाचं दूध घालतात. सूपात शेवटी बटर टाकायचा मोह झाला तर ही गोष्ट आठवा. कोंबडीची चरबी पुरेशी असते.

अमेरिकेत स्थलांतरितांबरोबर सूप गेलं आणि तिथे ते डब्यात शिरलं. कॅम्पबेल कंपनीत जॉन डोरन्स यांनी १८९७ मध्ये पाणी कमी करून आटवलेलं सूप डब्यात भरायची पद्धत बसवली. कंपनीचं चिकन नूडल सूप १९३४ मध्ये आलं. जपानमध्ये मोमोफुकू आंडो यांनी १९५८ मध्ये पहिल्या झटपट नूडल्स विकायला काढल्या, त्याही चिकनच्याच चवीच्या. आपल्याकडे १९८३ मध्ये मॅगी आली आणि नूडल्स घराघरांत पोचल्या. या सगळ्या प्रवासात नूडल्स टिकल्या, पण हाडांचं पाणी आटत आटत पुडीतल्या मसाल्यात गेलं. ते परत पातेल्यात आणायचं आहे.

औषध म्हणून या सूपाचा उपयोग किती, हेही नीट सांगायला हवं. १९७८ मध्ये 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी निरोगी माणसांवर केलेली एक पाहणी आली. गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला चिकट स्राव पुढे सरकण्याचा वेग वाढलेला दिसला. गरम पाण्यानेही वाढला, सूपाने जास्त. मग २००० मध्ये नेब्रास्का विद्यापीठाचे डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी पत्नीच्या आजीच्या कृतीने केलेलं सूप प्रयोगशाळेत तपासलं. संसर्गाच्या जागी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल त्या सूपामुळे मंदावली, आणि सर्दीतली सूज व चोंदलेलं नाक यांचा या हालचालीशी संबंध असतो. हा प्रयोग पेशींवरचा होता, रुग्णांवरचा नव्हता. सूपाने पोटात पाणी, मीठ आणि प्रथिनं जातात, वाफेने नाक मोकळं होतं आणि तोंडाला चव नसताना दोन घास उतरतात. एवढं माझ्या दृष्टीने पुष्कळ आहे. पावसाळ्यात मात्र ताप दोन-तीन दिवस उतरला नाही, किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ताप चढला, तर डॉक्टरकडेच जा. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो यांच्यावर सूपाचा इलाज नाही.

कोंबडी निवडताना

ब्रॉयलर कोवळी असते, साधारण दीड महिन्याची. मांस पटकन शिजतं, पण हाडांतून चव कमी उतरते. गावठी कोंबडी जास्त दिवस हिंडलेली असते. तिचं मांस चिवट, पण पाण्याला चव जबरदस्त. गिरिराज, वनराज या सुधारित जाती रंगीत पिसांमुळे पुष्कळदा गावठी म्हणून खपवल्या जातात. किमतीसाठी विचारून घ्या, पण सूपाला त्याही उत्तम. अंडी घालून थकलेली लेअर कोंबडी मिळाली तर स्वस्तात मस्त काम होतं. ती करीला कोणी घेत नाही, सूपाला मात्र तिच्यासारखी नाही, कारण वय जास्त म्हणजे हाडा-सांध्यांत ऐवज जास्त.

रोजच्यासाठी मी सांगेन ते असं: सव्वा किलोची ब्रॉयलर आणि वर पाव किलो पंजे. पंजे म्हणजे जवळजवळ सगळी कातडी, स्नायुबंध आणि हाडं. ब्रॉयलरमध्ये जे कमी पडतं ते पंजे भरून काढतात. आपल्याकडची दुकानं विचारल्याशिवाय कातडी सोलून टाकतात, म्हणून कोंबडी कापायच्या आधीच सांगा की कातडी ठेवा, मान आणि पाठ द्या, पंजे सोलून नखं छाटून द्या. तुकडे करीचे नकोत. आठ मोठे तुकडे करून घ्या. छाती हाडासकट वेगळी. बारीक तुकड्यांत हाडाच्या कपच्या फार होतात आणि त्या मुलांच्या तोंडात जातात. कलेजी आणि पेटा वेगळा ठेवा. कलेजी सूपात घालू नका, पाणी गढूळ आणि कडसर होतं. बोनलेस काढून उरलेले सांगाडे दुकानात असतील तर तेही मागून घ्या. फारच स्वस्त पडतात.

रविवारी सकाळी दुकानात एवढ्या सूचना ऐकायला कोणाला वेळ नसतो. बुधवारी किंवा शुक्रवारी गेलात तर मनासारखं कापून मिळतं.

बाकीचं सामान

दोन मध्यम कांदे, दोन गाजरं, सेलरीचे दोन दांडे, पेरभर आलं, पाच-सहा लसूणपाकळ्या, दहा-बारा काळी मिरी, एक तमालपत्र, कोथिंबिरीचे देठ आणि थोडा शेपू. सेलरी वाशीच्या एपीएमसीत किंवा मोठ्या भाजीवाल्यांकडे मिळते. नाही मिळाली तर अडून बसू नका, कोथिंबिरीचे देठ दुप्पट करा. शेपू मात्र जरूर घ्या. पूर्व युरोपातल्या सूपात तो असतोच, आणि आपण त्याची भाजी सोडून त्याला दुसरीकडे जागाच देत नाही. शेवटी वरून घातलेल्या चार काड्यांनी सूपाचा वास बदलतो.

गाजर केशरी असेल तर रंग स्वच्छ राहतो. हिवाळ्यातलं लाल गाजर गोडीला छान, पण सूप तांबूस होतं. कोबी, फ्लॉवर आणि बटाटा नको. पहिल्या दोघांचा उग्र वास पाण्यात उतरतो, तिसऱ्याने पाणी गढूळतं.

पाणी काढायचं ते असं

तुकडे आणि पंजे मोठ्या पातेल्यात घ्या, बुडतील एवढं गार पाणी घाला आणि मोठ्या आचेवर उकळी आणा. तीन-चार मिनिटं उकळलं की करडा फेस आणि रक्ताच्या गुठळ्या वर येतात. हे पाणी फेकून द्या, तुकडे दुसऱ्या स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा, पातेलं घासून घ्या. चीन आणि व्हिएतनाममध्ये हाडांचं पाणी काढताना हेच करतात. ज्यांना चिकनचा उग्र वास सहन होत नाही त्यांनी ही पायरी गाळू नये. आणखी एक: कच्चं चिकन नळाच्या जोरदार धारेखाली धुवू नका. शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर, शेजारच्या कोशिंबिरीवर जातात.

आता तुकडे पुन्हा पातेल्यात घालून तीन लिटर गार पाणी ओता. गार पाण्यातच सुरुवात करायची. पाणी हळूहळू तापलं की मांसातली प्रथिनं सावकाश बाहेर येऊन एकत्र गोळा होतात आणि झाऱ्याने उचलता येतात. एकदम उकळत्या पाण्यात टाकलं तर ती बारीक कणांत पसरतात आणि सूप कितीही गाळलं तरी धुरकट दिसतं.

पहिली उकळी दिसताच आच कमी करा. इथून पुढे पातेल्याच्या कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, इतकंच. या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे. खळखळून उकळलं तर वरची चरबी पाण्यात घुसळली जाते आणि पांढुरकं, तेलकट पाणी तयार होतं. आपल्या गॅसची छोटी शेगडी सगळ्यात कमी आचेवर ठेवूनही उकळत असेल तर खाली जाड तवा ठेवा. झाकण अर्धवट ठेवा. फेस येईल तसा काढत राहा; पंधरा-वीस मिनिटांनी तो थांबतो.

फेस थांबल्यावर एक छोटा चमचा मीठ घाला. सगळं मीठ आता घालू नका, कारण पाणी आटणार आहे.

साधारण पंचवीस मिनिटांनी छातीचे तुकडे बाहेर काढा. हाडाजवळ सुरी खोचून पाहा, रस स्वच्छ आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस. छातीचं मांस यापुढे राहिलं तर दोऱ्यासारखं कोरडं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी तंगड्या आणि मांड्या काढा. हात लागेल इतकं गार झालं की मांस सोडवून झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि हाडं, कातडी परत पातेल्यात टाका. घरोघरी इथेच घाई होते. मांस शिजलं म्हणजे सूप झालं असं वाटतं. खरं सूप इथून पुढे होतं. आणखी किमान तास-दीड तास द्या. गावठी असेल तर एकूण अडीच ते तीन तास लागतात.

भाज्या शेवटच्या पाऊण तासात घालायच्या. आधीपासून घातल्या तर त्यांची चव उकडलेल्या पालेभाजीसारखी बोथट होते. कांदे न सोलता धुऊन अर्धे करा, कापलेली बाजू तव्यावर किंवा थेट जाळावर काळपट होईपर्यंत भाजा आणि सालासकट टाका. सालाने सोनेरी रंग येतो, भाजल्याने गोडी. आलंही असंच भाजून ठेचा. हळद घालायची असेल तर चिमूटभर. जास्त घातली तर बाकी सगळ्यावर तिचाच वास बसतो. धणे-जिरे आणि गरम मसाला इथे नको.

गाळताना गाळणीत मलमलचा ओला कपडा घाला आणि वरचं पाणी डावाने हलकेच ओता. हाडं-भाज्या दाबून पिळू नका, गाळ उतरतो. सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी हाती येईल. आता मीठ पुरं करा: दोन लिटरला आधीचं धरून तीन छोटे चमचे, म्हणजे १५ ग्रॅमच्या जवळपास. थोडं थोडं घालून चाखत जा. रक्तदाबाचं पथ्य असेल त्यांच्यासाठी आधी वाटीभर काढून ठेवा.

कुकरमध्ये

रोज तीन तास कोणाकडे असतात? कुकरमध्येही चांगलं होतं, फक्त शिट्ट्या मोजायच्या नाहीत. शिट्टी झाली की दाब एकदम सुटतो आणि आत खळखळाट होतो. उकळून धुतलेले तुकडे, अडीच लिटर पाणी (कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका), पहिली शिट्टी आली की आच अगदी बारीक. ब्रॉयलरची हाडं आणि पंजे ४० मिनिटं, गावठी तासभर. मग गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलू नका. आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे कोलॅजेन लवकर सुटतं. मांस हवं असेल तर ब्रॉयलर पहिली दहा मिनिटं झाकण न लावता न्याहाळत शिजवण्यापेक्षा छाती आधी वेगळ्या पातेल्यात शिजवून घ्या आणि तिचं पाणी कुकरमध्ये ओता. भाज्या झाकण काढल्यावर घालून अर्धा तास मंद ठेवा.

नूडल्स

बाजारातल्या साध्या हक्का नूडल्स चालतात, अंड्याच्या असतील तर जास्त चांगल्या. माझी पहिली पसंती गव्हाच्या शेवयांना. उन्हाळ्यात गावाकडून आलेला वाळवणाचा डबा घरात असेल तर त्यातल्या लांब शेवया घ्या, तुकडे करू नका. कोरड्या कढईत अगदी हलक्या भाजल्या तर सूपात लगेच गळत नाहीत.

ताज्या नूडल्स करायच्या तर २०० ग्रॅम मैदा (निम्मी कणीक घेतली तरी चालते), दोन अंडी, पाव चमचा मीठ. घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. पोळपाटावर पोळीपेक्षा पातळ लाटा, पीठ भुरभुरून सैल गुंडाळी करा आणि धारदार सुरीने बारीक काप करा. उकडून लगेच वापरायच्या असतील तर वाळवायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर वाळवायचा प्रयत्नच करू नका. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत त्या वाळण्याऐवजी एकमेकींना चिकटून बसतात. लाटल्या की थेट उकळत्या पाण्यात, तीन-चार मिनिटं.

कोणत्याही नूडल्स असोत, वेगळ्या खारट पाण्यात उकडा आणि निथळून वाडग्यात घाला, वरून सूप ओता. सूपातच शिजवल्या तर त्यांचं पिठूळ पाणी उतरतं, इतका वेळ जपलेली पारदर्शकता जाते, आणि उरलेल्या नूडल्स तासाभरात सगळं सूप पिऊन फुगतात. याला एकच अपवाद: आजारी माणूस, दात नसलेले आजोबा किंवा लहान मूल. त्यांच्यासाठी वाटीभर सूपात शेवया घालून पार मऊ होईपर्यंत शिजवा. मांसाचे बारीक दोरे करा आणि हाडाची कपची राहिली नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहा.

वाडग्यात

सूप कडकडीत तापवा. वाडग्यात नूडल्स, मग मांसाचे लांब तुकडे, मऊ शिजवलेल्या नव्या गाजराच्या चकत्या (पाण्यातल्या भाज्यांची चव निघून गेलेली असते, त्या टाकून द्या). वरून सूप, ताजी कुटलेली मिरी, शेपू. लिंबाचे दोन थेंब ज्याने त्याने आपापल्या वाडग्यात पिळावेत. पातेल्यात पिळलं तर दुसऱ्यांदा गरम करताना कडवटपणा येतो. तिखट हवं असणाऱ्यांसाठी हिरवी मिरची व्हिनेगरमध्ये चिरून बाजूला ठेवा.

उरलेलं

ठाण्याच्या हवेत सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नका, झाकण लावूनसुद्धा नाही. परातीत गार पाणी, जमल्यास बर्फ घालून त्यात पातेलं ठेवा, ढवळत राहा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. मोठं भरलेलं पातेलं थेट ठेवलं तर मधलं सूप कितीतरी वेळ कोमट राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं. लहान डब्यांत भरा. फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. खाताना पूर्ण उकळी आणूनच खा.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला की वर पिवळ्या चरबीचा थर आणि खाली थरथरणारी जेली दिसली तर पाणी उत्तम उतरलं आहे. जेली झाली नसेल तर पुढच्या वेळी पंजे वाढवा किंवा पाणी अर्धा लिटर कमी करा. चरबीचा थर सहज उचलता येतो. निम्मा सूपात ठेवा. उरलेल्यात कांदा परतून आंबेमोहोर घाला आणि नेहमीच्या पाण्याऐवजी हे सूप तांदळाच्या दुप्पट ओतून भात शिजवा.